लॅझरसच्या प्रोग्रामला दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा पोस्टग्रेस जोडायचा आहे, काट्यावरून लागत नाही

काटाघर | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी राळेगाव तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. आमच्या शेतकरी गटाचं कापूस खरेदी केंद्र एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात आहे. वजनकाट्याची खोली फाटकाजवळ, हापिस आत. मधात दोनेकशे फुटांचं अंतर.

मागच्या हंगामात मी लॅझरसमध्ये (फ्री पास्कल भाषेत प्रोग्राम लिहायचं साधन) एक प्रोग्राम केला होता. भरल्या गाडीचं वजन, खाली गाडीचं वजन, ओलावा, भाव, हमाली, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारा चुकारा. डेटा त्याच कॉम्प्युटरवर एसक्यूलाइटच्या फायलीत (एका फायलीतला छोटा डेटाबेस). एकच कॉम्प्युटर होता, काही अडलं नाही.

यंदा काट्यावर एक आणि हापिसात एक, असे दोन झाले. आधी ती फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून पाहिली. दोघांनी एका वेळी नोंद केली की 'डेटाबेस लॉक' म्हणून थांबते. मग हापिसातल्या कॉम्प्युटरवर पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस सर्व्हर टाकला, प्रोग्राममध्ये टीपीक्यूकनेक्शन, टीएसक्यूएलट्रान्झॅक्शन, टीएसक्यूएलक्वेरी हे जोडणीचे तयार भाग लावले. हापिसातून 'लोकलहोस्ट', म्हणजे तोच कॉम्प्युटर, दिलं तर एकदम चालून राहिलं. काट्यावरून लागूनच नाही राहिलं. तिथं सुरू केल्याबरोबर लिबपीक्यू.डीएलएल सापडत नाही असं म्हणते.

हापिसातला विंडोज १०, ६४ बिट. काट्यावरचा जुना, विंडोज ७, ३२ बिट. त्याच्यासाठी ३२ बिटचा लॅझरस टाकून वेगळी एक्सई (चालवायची फाइल) बनवली आहे.

सोमवारपासून गाड्या सुरू होतात. कोणाला माहीत असेल तर सांगा, मोठी मदत होईल.

पूर्णाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

काटाघर भाऊ, एसक्यूलाइटची फाइल नेटवर्कवर ठेवायचं सोडलं हे चांगलं केलं. एसक्यूलाइट बनवणारेच तसं करू नका म्हणतात. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाइलचं कुलूप नीट लागेल याची खात्री नसते. आज नुसती लॉक झाली, उद्या फाइलच खराब झाली असती.

आता तुमचं दुखणं. लॅझरस स्वतः पोस्टग्रेसशी बोलत नाही, त्याला मधात दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे लिबपीक्यू. हापिसात पोस्टग्रेसच टाकलेला असल्यामुळे दुभाषा आपोआप मिळाला. काट्यावर पोस्टग्रेस नाही, म्हणून तोही नाही. तिथं अख्खा पोस्टग्रेस टाकायची गरज नाही, दुभाष्याच्या फायली पुरतात.

दुभाष्याचे बिट तुमच्या एक्सईशी जुळले पाहिजेत. सर्व्हर किती बिटचा आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. ३२ बिटची एक्सई असेल तर लिबपीक्यू ३२ बिटचाच. हापिसातला उचलून काट्यावर नेला तर तो ६४ बिटचा निघेल आणि चालणार नाही. विंडोजसाठी ३२ बिटचा तयार पोस्टग्रेस आवृत्ती १० पर्यंतच मिळायचा, ११ पासून ६४ बिटचाच येतो. म्हणून १० ची ३२ बिटची झिप घ्या, तिच्या बिन फोल्डरमधून लिबपीक्यू, सोबतच्या एसएसएलच्या दोन डीएलएल, लिबइंटल आणि लिबआयकॉनव्ह एवढं काढा. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ रनटाइम ३२ बिटचा नसेल तर तोही टाका. त्याच्यावाचूनही तोच 'सापडत नाही' संदेश येतो आणि माणूस उगाच डीएलएल शोधत बसतो.

काटाघर | १२ नोव्हेंबर, दुपारी १:०५

ताई, धन्यवाद. एका मित्राच्या पेनड्राइव्हवर पोस्टग्रेस ९.३ ची ३२ बिटची फाइल होती, तीच टाकली. डीएलएलची चूक गेली. आता मात्र प्रोग्राम वीस-पंचवीस सेकंद अडकून राहते आणि 'कनेक्शन टाइम आउट' म्हणते. हापिसचा पत्ता १९२.१६८.१.७ आहे, तोच होस्टनेममध्ये दिला. पोर्ट ५४३२.

दारव्हा_नवा | १२ नोव्हेंबर, दुपारी १:३०

भाऊ, मला पण हेच झालं होतं. फायरवॉल पूर्ण बंद करा, आणि पीजी_एचबीए.कॉन्फ मध्ये, म्हणजे सर्व्हरनं कोणाला आत घ्यायचं त्या यादीत, सगळ्या पत्त्यांसाठी, म्हणजे ०.०.०.०/० साठी, 'ट्रस्ट' लिहून टाका. पासवर्डची भानगडच राहत नाही. दोन मिनिटांत लागतं.

पूर्णाकाठ | १२ नोव्हेंबर, दुपारी २:१०

दारव्हा_नवा, तुम्ही मदतीच्या भावनेनं सांगितलं हे कळतं, पण कृपा करून हे कोणी करू नका. 'ट्रस्ट' म्हणजे जो कोणी त्या तारेवर आला त्याला पासवर्ड न विचारता आत घेणं. त्यानं 'पोस्टग्रेस' हे नाव सांगितलं की तो मालक झाला. खरेदी केंद्रावर दिवसभर शंभर माणसं येतात, वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला असतो. त्या टेबलात शेतकऱ्यांच्या बँक खात्यांचे नंबर आहेत. एखाद्याचा चुकारा दुसऱ्याच्या खात्यावर जायला एक ओळ बदलणं पुरे आहे.

फोर्ट्रान_काका | १२ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

मी अमरावतीला इंजिनिअरिंग कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. मुलांना मी एकच गोष्ट परत परत सांगायचो, की चुकीचा संदेश पूर्ण वाचा. तो तुम्हाला कुठल्या दारापाशी अडलात ते सांगत असतो.

'टाइम आउट' आणि 'रिफ्यूज्ड' यांत फरक आहे. रिफ्यूज्ड म्हणजे घरापर्यंत पोचलात, पण त्या दारामागं कोणी नाही असं घरानंच सांगितलं. मग पोर्ट चुकलं असेल, सर्व्हर बंद असेल, किंवा पोस्टग्रेस फक्त लोकलहोस्टवर ऐकत असेल. ती सेटिंग पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ मधली लिसन_अ‍ॅड्रेसेस. विंडोजच्या तयार इन्स्टॉलरमध्ये ती बहुधा ताऱ्याच्या खुणेवर, म्हणजे 'सगळीकडून ऐका' अशी असते. टाइम आउट म्हणजे हाक मारली आणि काहीच उत्तर आलं नाही. एक तर पत्ता चुकला, नाही तर मधात फायरवॉलनं हाक गिळली.

तुमचं दुसरं दिसतंय. काट्यावरून पिंग करा. नंतर टेलनेटनं ५४३२ वर लागतं का पाहा. विंडोज ७ मध्ये टेलनेट आधी विंडोज फीचर्समधून सुरू करावं लागतं. हापिसच्या मशीनवर फायरवॉल बंद करू नका, टीसीपी ५४३२ साठी एक इनबाउंड नियम लिहा आणि त्यात फक्त काट्याच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाका. नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलं असेल तर ते 'प्रायव्हेट' करा.

काटाघर | १२ नोव्हेंबर, रात्री ८:२०

काका, फायरवॉलचाच मामला होता. नियम लिहिला आणि टेलनेट लागलं. नेटवर्क पब्लिक म्हणूनच होतं.

आता पुढचा संदेश: या होस्टसाठी पीजी_एचबीए.कॉन्फ मध्ये नोंद नाही.

फोर्ट्रान_काका | १२ नोव्हेंबर, रात्री ८:४०

उत्तम. याचा अर्थ तुम्ही सर्व्हरशी बोललात. त्यानं ओळख विचारली आणि यादीत तुमचं नाव नाही म्हणाला.

त्या फायलीत एक ओळ वाढवा: होस्ट, मग तुमच्या डेटाबेसचं नाव, मग काट्यासाठी केलेला वेगळा युजर, मग पत्ता १९२.१६८.१.०/२४, आणि शेवटी पासवर्ड तपासायची पद्धत, स्क्रॅम-शा-२५६. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ पहिली जुळेल तीच लागू होते, म्हणून जुन्या ढोबळ ओळी वर राहू देऊ नका. बदल केल्यावर सर्व्हिस रीलोड करायला विसरू नका. काट्याच्या युजरला फक्त नोंद घालायचा आणि पाहायचा अधिकार द्या. पुसायचा नको.

काटाघर | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

केलं. आता 'ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड' म्हणते. पासवर्ड तीन वेळा तपासला, बरोबर आहे.

पूर्णाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४५

भाऊ, पासवर्ड बरोबरच आहे. तुमचा दुभाषा जुना आहे.

पोस्टग्रेस १४ पासून पासवर्ड स्क्रॅम पद्धतीनं ठेवणं हीच मूळ सेटिंग झाली. ही पद्धत आवृत्ती १० मध्ये आली. तुमचा ९.३ चा लिबपीक्यू त्याच्या आधीचा, त्यानं स्क्रॅम पाहिलेलाच नाही. संदेशातला १० हा त्या पद्धतीचा सांकेतिक क्रमांक आहे, आवृत्तीशी संबंध नाही. पण उपाय मात्र आवृत्ती १० चाच: मी पहिल्या उत्तरात सांगितलेल्या झिपमधला लिबपीक्यू घ्या. सर्व्हर १६ आणि दुभाषा १० असं चालतं.

याच्यावर 'सर्व्हरची पद्धत एमडी५ करून टाका' असाही सल्ला तुम्हाला मिळेल. करू नका. जुन्या फायलीपायी नवं कुलूप ढिलं कशाला करायचं.

काटाघर | १२ नोव्हेंबर, रात्री ११:१०

लागलं! काट्याच्या खोलीत उभा राहून नाव टाकलं आणि हापिसात भावाच्या स्क्रीनवर दिसलं. ताई, काका, तुमचे उपकार आहेत. आज झोप लागेल.

संत्राबाग | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:००

अभिनंदन भाऊ. मी वरूडकडचा, संत्र्याच्या पॅकिंगवर असंच दोन कॉम्प्युटरचं काम चालतं. तीन गोष्टी आताच करून घ्या.

हापिसच्या कॉम्प्युटरचा पत्ता पक्का करा. राउटर बंद-सुरू झाला की पत्ता बदलू शकतो, आज ७ आहे तो उद्या १२ होईल आणि काट्यावरचा माणूस ७ लाच हाका मारत बसेल. राउटरमध्ये जाऊन तो पत्ता त्या मशीनसाठी राखून ठेवा, आणि काट्याचाही ठेवा, कारण फायरवॉलच्या नियमात तो लिहिला आहे.

राउटर आणि मधला स्विच इन्व्हर्टरवर घ्या. आमच्याकडे दोन्ही कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होते आणि राउटर भिंतीच्या साध्या प्लगवर. लाइट गेली की दोघंही जिवंत आणि दोघंही एकमेकांना मुके.

तार कशी ओढली आहे? दोनशे फूट म्हणजे साठेक मीटर, तांब्याच्या केबलला १०० मीटरपर्यंत चालतं. पण ती दोन इमारतींच्या मधात उघड्यावरून गेली असेल तर विजेचा धोका आहे. आमच्याकडे जूनच्या पहिल्या पावसात जवळच वीज पडली आणि दोन्ही बाजूंची नेटवर्क कार्डं गेली. नंतर फायबर टाकलं, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर. काचेतून वीज जात नाही.

काटाघर | १८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

मंडळी, जड मनानं लिहून राहिलो आहे.

काल सोमवारी खरेदी सुरू झाली. काल सगळं ठीक. आज संध्याकाळी पाचच्या सुमारास लाइट गेली, काट्यावरची बॅटरी जुनी होती, कॉम्प्युटर बंद पडला. लाइट आल्यावर पाहतो तर दुपारपासूनच्या १७ गाड्यांच्या नोंदी कुठंच नाहीत. ना काट्यावर, ना हापिसात. काट्यावरच्या ग्रिडमध्ये (स्क्रीनवरच्या तक्त्यात) त्या माझ्या डोळ्यांसमोर दिसून राहिल्या होत्या.

एक म्हातारी माय चुकाऱ्याची तारीख विचारायला आली. तिचं नाव हापिसात निघालं नाही. म्हणे, "माही गाडी आली होती ना बावा, मंग तुह्या मशिनीत काहून नाही?" तिच्या पदराच्या गाठीत आमचीच छापलेली पावती होती. कागद होते म्हणून सगळ्या १७ नोंदी रात्री हातानं भरल्या. पण एखाद्याची पावती हरवली असती तर मी काय तोंड दाखवलं असतं?

जोडणी तर झाली होती. मग नोंदी गेल्या कुठं?

पूर्णाकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

भाऊ, आधी शांत व्हा. तुम्ही रात्रीच सगळ्या नोंदी भरल्या, यातच तुमची काळजी दिसते.

एक विचारते. सेव्हच्या बटणात काय लिहिलं आहे? फक्त पोस्ट आहे का? आणि सोमवारी संध्याकाळी प्रोग्राम कसा बंद केला होता?

काटाघर | १८ नोव्हेंबर, रात्री ११:३०

हो, क्वेरीला इन्सर्ट, मग फील्ड भरणं, मग पोस्ट. बंद करायच्या बटणात मात्र अप्लायअपडेट्स आणि कमिट आहे. एका उदाहरणात पाहून लिहिलं होतं. दुपारी जेवायला जाताना प्रोग्राम बंद केला होता. आता लक्षात येऊन राहिलं, दुपारच्या आधीच्या नोंदी सगळ्या आहेत.

पूर्णाकाठ | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

हेच आहे. नवीन माणसाला हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लॅझरसच्या या पद्धतीत नोंद तीन पायऱ्या चढते. पोस्ट केलं की ती फक्त तुमच्या प्रोग्रामच्या आठवणीत जाते. ग्रिडमध्ये दिसते ती तिथलीच. सर्व्हरला तिचा पत्ताही नसतो. अप्लायअपडेट्स केलं की ती सर्व्हरकडे जाते, पण उघड्या व्यवहारात, कच्च्या वहीत. इतर कोणाला ती दिसत नाही. कमिट केलं की ती पक्क्या वहीत गेली. पहिल्या दोन पायऱ्यांवर असताना लाइट गेली, तार तुटली, प्रोग्राम अडकला, तर नोंद गेली. टीएसक्यूएलट्रान्झॅक्शन बंद होताना मूळ सेटिंगनं रोलबॅकच करतं, म्हणजे कच्ची नोंद पुसून टाकतं.

तुमच्या १७ गाड्या पहिल्याच पायरीवर होत्या.

सेव्हच्या बटणात पोस्ट, अप्लायअपडेट्स, आणि लगेच कमिट, असं तिन्ही लिहा. नुसत्या कमिटनं उघडी क्वेरी बंद होते आणि ग्रिड रिकामा दिसतो, तेव्हा घाबरू नका. क्वेरी परत उघडा, किंवा कमिटरिटेनिंग वापरा. फ्री पास्कल ३.० पासून क्वेरीच्या ऑप्शन्समध्ये आपोआप अप्लाय आणि आपोआप कमिट करायच्या खुणाही आहेत. मला मात्र हातानं लिहिलेलं आवडतं. काय कधी पक्कं होतं ते डोळ्यांसमोर राहतं.

आणि ग्रिड दिवसभर एकाच उघड्या व्यवहारावर टांगून ठेवू नका. सर्व्हरवर पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी पाहा, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (व्यवहार उघडा ठेवून नुसतं बसलेलं) असं तासन्‌तास दिसलं तर तो तुमचाच प्रोग्राम आहे.

फोर्ट्रान_काका | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

ताईंनी नेमकं सांगितलं. त्याला एकच जोड देतो, आणि माझ्या मते या अख्ख्या कामातली हीच कळीची गोष्ट आहे. पावती कधी छापता?

त्या मायच्या पदरात पावती होती आणि सर्व्हरवर नोंद नव्हती. म्हणजे प्रोग्रामनं पावती आधी छापली. आपल्या भागात छापील पावती म्हणजे शब्द. शेतकरी ती घेऊन घरी जातो, वर्षाचा हिशेब त्या कागदावर मांडतो. कमिट यशस्वी झालं असं सर्व्हरनं सांगितल्याशिवाय प्रिंटरला कागद मागायचाच नाही. कमिटच्या ओळीच्या खाली प्रिंटची ओळ. चूक आली तर पावती नाही आणि काट्यावरच्या माणसाला मोठ्या अक्षरात लाल पाटी.

कमिट झाल्यावर लाइट गेली तर? पोस्टग्रेस होकार देण्याच्या आधी तो बदल आपल्या रोजनाम्यात, ज्याला वॉल म्हणतात, डिस्कवर लिहून घेतो. मशीन परत सुरू झालं की रोजनामा वाचून पक्की वही पुरी करतो. अट अशी की एफसिंक नावाची, लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचवणारी सेटिंग बंद केलेली नसावी. 'वेग वाढतो' म्हणून ती बंद करायला सांगणारे लेख सापडतात. आपल्या भागातल्या विजेच्या भरवशावर तसं कधीही करू नका.

मोहफूल | १९ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

मी गडचिरोली जिल्ह्यातून. आमच्या ग्रामसभेच्या तेंदूपत्ता संकलनाची नोंद ठेवतो. आमचा सर्व्हर तालुक्याला आहे आणि मोबाइलची रेंज असली तर असली. म्हणून वेगळी पद्धत लावावी लागली, तुमच्या कामी येऊ शकते.

काकांच्या नियमाप्रमाणे सर्व्हर लागला नाही तर पावतीही नाही. म्हणजे तार तुटली की गाड्या रांगेत उभ्या. आमच्याकडे बाया जंगलातून डोक्यावर पुडकी घेऊन येतात, त्यांना 'नेटवर्क नाही' म्हणून थांबवणं मला जमत नाही. म्हणून नोंद आधी त्याच मशीनवरच्या एसक्यूलाइटच्या फायलीत जाते. नेटवर्कवर नाही, त्याच डिस्कवर. तिथं कमिट झालं की पावती. मग मागं एक टायमर दर मिनिटाला न पाठवलेल्या नोंदी मोठ्या सर्व्हरला पाठवतो, आणि तिकडचं कमिट आलं की 'गेली' अशी खूण करतो.

यात एक खड्डा आहे. नोंद पोचली, पण होकार परत येताना लाइन तुटली, तर प्रोग्राम तीच नोंद परत पाठवतो. दोनदा नोंद म्हणजे दोनदा पैसे. म्हणून प्रत्येक नोंदीला जन्मताच यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कोणाचा नसेल असा ओळखक्रमांक, द्यायचा, सर्व्हरच्या टेबलात त्यावर युनिक बंधन (तोच क्रमांक दोनदा नको) ठेवायचं आणि इन्सर्टला 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग', म्हणजे आधीच असेल तर काही करू नको, असं लावायचं. पोस्टग्रेस ९.५ पासून ते आहे. मग दहा वेळा पाठवली तरी एकदाच बसते.

काटाघर | २० नोव्हेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. कमिटनंतर पावती हे कालच केलं. मोहफूल भाऊंची पद्धतही घालून राहिलो, रविवारी बंद असते तेव्हा पुरं करीन.

एक नवीन प्रश्न. पावतीचा नंबर सिरियल कॉलममधून येतो, पोस्टग्रेस आपोआप पुढचा देतो. आज ११८ नंतर एकदम १२० आला. मधात एक नोंद चुकली होती, रोलबॅक झाली. गटाचे लोक विचारून राहिले, ११९ ची गाडी कुठं गेली?

फोर्ट्रान_काका | २० नोव्हेंबर, रात्री ९:५०

विचारणारच, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. हिशेबाच्या वहीत मधला नंबर गायब असणं ही शंकेची जागा आहे.

सिरियल कॉलमला नंबर देतो तो सीक्वेन्स. व्यवहार रोलबॅक झाला तरी तो मागं येत नाही. दोन जण एका वेळी नंबर मागत असताना कोणाला थांबावं लागू नये म्हणून तो मुद्दाम तसा केला आहे. तो आतल्या ओळखीसाठी ठेवा. छापायच्या नंबरासाठी एका ओळीचं वेगळं टेबल करा, त्यात शेवटचा नंबर. नोंद घालण्याच्या व्यवहारातच ती ओळ अपडेट करून नवा नंबर घ्या. व्यवहार फसला तर नंबरही मागं येतो. त्या ओळीवर क्षणभर कुलूप बसतं, पण तुमचा काटा एकच आहे, रांग लागणार नाही. मोहफूल यांची पद्धत लावल्यावर हे टेबल काट्यावरच्या एसक्यूलाइटमध्ये ठेवा, कारण पावती तिथं जन्मते.

वजन आणि पैसे कुठल्या प्रकारात ठेवता तेही सांगा. फ्लोट, म्हणजे दशांश आकडा अंदाजे साठवणारा प्रकार, असेल तर बदला. वजन किलोत पूर्णांक ठेवा, पैसे न्यूमेरिक या अचूक प्रकारात. क्विंटलला ७,५२१ भावानं १,२३५ किलोचे ९२,८८४ रुपये ३५ पैसे होतात, ते दोन्ही मशीनवर तेवढेच आले पाहिजेत. आणि भाव नोंदीच्या ओळीतच लिहा, भावाच्या यादीकडं नुसतं बोट दाखवू नका. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ ला ७,५२१ होता, २०२५-२६ ला ८,११० झाला. यादीत नवा भाव टाकला आणि जुन्या पावत्या परत काढल्या तर मागच्या वर्षीचा हिशेबच बदलेल. ओलाव्याचंही तसंच. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव आणि त्याच्यावर १२ पर्यंत कपात असते. कपात किती धरली ते त्या ओळीत दिसू द्या.

काटाघर | २४ नोव्हेंबर, रात्री ८:०५

वजन फ्लोटमध्येच होतं, बदललं. रविवारी मोहफूल भाऊंची पद्धत पुरी केली.

आता नावांचं एक विचित्र होऊन राहिलं. 'वऱ्हाडे' आडनाव हापिसात शोधलं तर अर्ध्याच नोंदी येतात. उरलेल्या अर्ध्या डोळ्यांनी पाहिल्या तर तशाच 'वऱ्हाडे'. काट्यावरून टाकलेल्या हापिसात सापडत नाहीत, हापिसातल्या काट्यावर नाहीत. डेटाबेस यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) आहे, कनेक्शनचा कॅरेक्टर सेटही तोच दिला.

पूर्णाकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री ८:४०

भाऊ, वऱ्हाडात राहून मी याच अक्षरापायी दोन दिवस घालवले आहेत.

'ऱ्ह' दोन रीतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत. दुसऱ्यावर साधा र, हलंत, आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही एकच, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. युनिकोडची नेहमीची नॉर्मलायझेशन (एकच अक्षर एका रूपात आणायची रीत) लावली तरी हे दोन एक होत नाहीत, कारण ते जोडचिन्ह तसंच राहतं. 'ॲ'चंही तसंच, एक सबंध अक्षर आणि दुसरं अ ला जोडलेलं.

साठवायच्या आधी प्रोग्राममध्येच एक छोटं फंक्शन लावा, जे र-हलंत-जोडचिन्ह दिसलं की ऱ-हलंत करून टाकेल. शोधायच्या शब्दालाही तेच लावा. जुन्या नोंदींना एकदा अपडेट चालवा, पण आधी बॅकअप घेऊन. आणि माणूस नावावरून ओळखू नका, गटाच्या सभासद क्रमांकावरून ओळखा.

बॅकअपवरून आठवलं: रोज रात्री पीजी_डम्प (डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्राम) लावलं आहे का? चालू सर्व्हरचं डेटा फोल्डर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नाही. आणि काढलेला डम्प एकदा तरी दुसऱ्या मशीनवर परत भरून पाहा.

संत्राबाग | २५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

काटाघर भाऊ, पासवर्ड फॉर्मवरच्या कनेक्शनच्या खान्यात लिहिला असेल तर तो फॉर्मच्या एलएफएम फायलीतून थेट एक्सईत जातो आणि साध्या एडिटरमध्ये वाचता येतो. सुरू होताना विचारून घ्या.

काटाघर | ३० नोव्हेंबर, रात्री ९:००

आज रविवार, केंद्र बंद. भाऊ आणि मी चाचणीचा वेगळा डेटाबेस करून दिवसभर परीक्षा घेतली. तो खोट्या गाड्या भरत होता आणि मी मधातच काट्याच्या कॉम्प्युटरचा प्लग ओढत होतो. दहा वेळा ओढला. पाच वेळा नुसती तार काढली. दर वेळी छापलेल्या पावत्या मोजल्या आणि हापिसातल्या नोंदी मोजल्या. एकदाही फरक आला नाही, ना कमी ना दोनदा.

डम्प रोज रात्री नऊला निघते, गुरुवारी तो माझ्या घरच्या लॅपटॉपवर परत भरून पाहिला. पासवर्ड आता विचारतो. राउटर इन्व्हर्टरवर घेतला. फायबरचं पुढच्या महिन्यात, गटाच्या बैठकीत खर्च मांडला आहे.

त्या मायचा चुकारा बुधवारी खात्यावर गेला. ती परत आली होती. मी तिला स्क्रीनवर तिचं नाव दाखवलं, वजन वाचून दाखवलं. तिनं पदरातली पावती काढून दोन्हीकडचा आकडा माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला.

दारव्हा_नवा | ३० नोव्हेंबर, रात्री ९:३५

मी सगळा धागा वाचला. आमच्या दुकानात मी लिहिलेली 'ट्रस्ट'ची ओळ आज काढली आणि स्क्रॅम लावलं. आता मलाही तो १० नंबरचा संदेश येऊन राहिला. भाऊ, ३२ बिटच्या त्या फायली तुम्ही सिस्टीम फोल्डरमध्ये टाकल्या का?

काटाघर | ३० नोव्हेंबर, रात्री ९:४०

नाही, एक्सई ज्या फोल्डरमध्ये आहे तिथंच, पाचही. विंडोज आधी तिथंच पाहते. सिस्टीम फोल्डरमध्ये जुना लिबपीक्यू कोणी टाकून ठेवला असेल तर तोही काढा. अडलं तर इथंच लिहा, मी जागा आहे.